व्हेंट्रू डेक दर रविवारी सहाव्या फेरीतच का बसतो?

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा आणि माझा बिघाड एकच आहे का ते कळेल. खेळ 'व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल', पत्त्यांचा. टेबलावर पाच जण. तुमच्याकडे व्हेंट्रू कुळाचा डेक. पहिल्या तीन फेऱ्या तुम्ही नुसते ट्रान्सफर, म्हणजे व्हॅम्पायर बाहेर काढायचे हप्ते, टाकत बसता. चौथ्या फेरीत तुमचा भलामोठा व्हॅम्पायर पहिली हालचाल करतो, सगळे मान डोलावतात. पाचवी फेरी जेमतेम निघते. सहावीच्या आधी उजवीकडचा लागोपाठ दोन ब्लीड करतो, म्हणजे तुमचा पूल खातो, आणि तुम्ही सगळ्यांसाठी चहा टाकायला स्वयंपाकघरात जाता. कारण आता तुम्हाला दुसरं काही काम उरलेलं नसतं.

असं एकदा झालं तर नशीब म्हणायचं. आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या अड्ड्यावर माझं असं सलग सहा रविवार झालं. सहा वेळा चहा मीच केला. सातव्या वेळी घरात शिरताच इंदिरानगरवाला म्हणाला, "काय भो, आज आलं किसून टाकशील का?"

मी सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथे एकच मशीन महिन्यात तीनदा बंद पडलं तर रजिस्टरमध्ये 'फ्यूज बदलला' एवढं लिहून सुटका होत नाही. फ्यूज का उडाला, लोड का वाढला, बेअरिंग कोरडं का पडलं, असं मागे मागे जावं लागतं. मग डोक्यात आलं, पत्त्यांच्या बाबतीत मी इतके दिवस नुसते फ्यूजच बदलतोय.

नव्या वाचकांसाठी खेळाबद्दल थोडक्यात. 'व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल' हा रिचर्ड गारफिल्डचा पत्त्यांचा खेळ 1994 मध्ये 'जिहाद' नावाने आला आणि 1995 मध्ये त्याचं नाव बदललं. 2010 मध्ये छपाई थांबली, 2018 पासून ब्लॅक चँट्री ही कंपनी तो पुन्हा काढतेय. प्रत्येकाकडे 30 पूल, ते संपले की खेळाडू बाद. डावीकडचा खेळाडू तुमची शिकार, उजवीकडच्याची शिकार तुम्ही. आमच्यात प्रे-प्रीडेटर कोणी म्हणत नाही, 'डावा' आणि 'उजवा' असंच चालतं. डाव्याला बाद केलं की 1 गुण आणि 6 पूल. व्हॅम्पायर बाहेर काढायला खर्च होतो तोही याच पुलातून. म्हणजे जीव आणि भांडवल एकाच गल्ल्यात. सगळी गोम इथेच आहे, पण ती माझ्या ध्यानात यायला बरेच रविवार गेले.

मी आधी केलेल्या चुकीच्या दुरुस्त्या सांगतो, कारण बहुतेक जण त्याच करतात. पहिली म्हणजे ब्लीडचे पत्ते वाढवले. काही फरक नाही, कारण ब्लीड करायला व्हॅम्पायरच चौथ्या फेरीत मिळत होता. दुसरी, आणखी मोठे व्हॅम्पायर घातले, थेट 11 क्षमतेचे, म्हणजे बाहेर काढायला 11 लागणारे. हे म्हणजे मोटर गरम होते म्हणून मोठी मोटर बसवायची आणि केबल तीच ठेवायची. तिसरी, कुळालाच नावं ठेवली आणि महिनाभर मॅल्केव्हियन खेळलो. त्यात मजा आली, पण बाद व्हायचं थांबलं नाही.

मग वही काढली. शाळेची, चौकटीची. प्रत्येक फेरीला चार आकडे: माझा पूल, त्या फेरीत क्रिप्टवर (व्हॅम्पायरांच्या वेगळ्या गठ्ठ्यावर) घातलेले, मास्टर पत्त्यांवर (जे व्हॅम्पायर नाही, खेळाडू स्वतः खेळतो) गेलेले, उजव्याने खाल्लेले. मधल्या सुट्टीत मिसळ यायची तेव्हा त्या वहीवर तर्रीचे दोन डाग पडले, ते अजून आहेत. तीन रविवारांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या आणि बिघाड सापडला. तो उजव्याच्या डेकमध्ये नव्हता. माझ्या पहिल्या तीन फेऱ्यांत होता.

एक नोंद जशीच्या तशी देतो. मी तिसऱ्या जागेवर. पहिल्या फेरीत पहिल्या खेळाडूला 1 ट्रान्सफर, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 3, पुढच्यांना 4, आणि दुसऱ्या फेरीपासून सगळ्यांना 4. मी 10 क्षमतेचा व्हॅम्पायर धरला. 3 आणि 4 आणि 4, म्हणजे तो तिसऱ्या फेरीच्या शेवटी बाहेर आला, एक ट्रान्सफर उरला. तो 9 क्षमतेच्या दुसऱ्यावर टाकला. दुसरा आला पाचव्या फेरीच्या शेवटी. व्हॅम्पायर बाहेर येतो इन्फ्लुअन्सच्या टप्प्यात, हालचालींचा टप्पा संपल्यावर. म्हणून पहिला प्रत्यक्ष हलला चौथ्या फेरीत आणि दुसरा सहाव्या. तोवर क्रिप्टवर गेले 19. मास्टर पत्त्यांवर 2. उजव्याने तेवढ्या वेळात एक-एक दोन-दोन करत 6 खाल्ले, कारण अडवायला माझ्याकडे कोणी नव्हतंच. 30 मधून 27 वजा. दुसरा व्हॅम्पायर खुर्चीवर बसला तेव्हा माझ्याकडे 3 पूल होते. पुढे उजव्याने काही विशेष केलं नाही. दाराला कडी नव्हती, तो आत आला इतकंच.

आमच्यात दिंडोरीचे अप्पा आहेत. द्राक्षबाग आहे, वयाने आम्हा सगळ्यांत मोठे, मुलाला सोबत म्हणून यायला लागले आणि आता मुलापेक्षा बरे खेळतात. नोस्फेराटू खेळतात, म्हणजे लपूनछपून. वही पाहून म्हणाले, "अरे, वेलीला झेपतील तेवढेच घड ठेवायचे असतात. तू सगळेच ठेवतोस, मग मण्याला फुगवण कुठून यायची?" आणि माझ्या क्रिप्टमधले तीन मोठे पत्ते त्यांनी सरळ उचलून बाजूला ठेवले. विरळणीच केली.

तर दुरुस्ती इथून सुरू होते. व्हेंट्रूकडे डॉमिनेट ही शक्ती आहे आणि डॉमिनेटमध्ये 'गव्हर्न द अनअलाइन्ड' हा पत्ता आहे. हा पत्ता सगळे ब्लीडसाठी वापरतात, मीही वापरायचो. पण सुपीरियर, म्हणजे वरच्या पातळीचं, डॉमिनेट असलेल्या व्हॅम्पायरने तो दुसऱ्या पद्धतीने खेळला तर तुमच्या बाहेर न आलेल्या, त्याच्याहून लहान व्हॅम्पायरवर बँकेतून 3 रक्त जातं. बँकेतून म्हणजे तुमच्या पुलाला हात न लावता. या खेळात वय म्हणजे क्षमता, म्हणून 'लहान' म्हणजे क्षमतेने कमी. बरोबरीचा चालत नाही. मी दोनदा 7 वाल्याकडून 7 वाल्यावर गव्हर्न करायला गेलो आणि दोनदा हसं करून घेतलं.

आता तीच तिसरी जागा, नव्या क्रमाने. पहिल्या फेरीत 3, दुसरीत 4, झाले 7. सुपीरियर डॉमिनेटवाला 7 क्षमतेचा व्हॅम्पायर दुसऱ्या फेरीअखेर बाहेर. तिसऱ्या फेरीत त्याने गव्हर्न करून 6 वाल्यावर 3 टाकले, त्याच फेरीत मी 3 ट्रान्सफर घातले, तोही बाहेर. चौथा ट्रान्सफर 5 वाल्यावर. चौथ्या फेरीत पुन्हा गव्हर्न, 1 आणि 3 झाले 4, त्यात एक ट्रान्सफर, 5 वालाही बाहेर. चौथ्या फेरीच्या शेवटी तीन व्हॅम्पायर, एकूण क्षमता 18, आणि माझ्या गल्ल्यातून गेले 7, 3, 1, 1 मिळून 12. जुन्या पद्धतीत याच वेळेला माझा एकच उभा होता आणि 15 गेलेले होते.

हे कागदावर गोड दिसतं. प्रत्यक्षात कधी हातात गव्हर्नच नसतो, कधी तो डावा-उजवा अडवतो. अडवण्याचा धोका तिसऱ्या फेरीत कमी असतो, कारण तेव्हा दोघांचेही फारसे व्हॅम्पायर उभे नसतात. हातात नसण्यावर मात्र उपाय आहे. या खेळात एका पत्त्याच्या प्रतींवर मर्यादा नाही, म्हणून मी गव्हर्न चारवरून आठ केले. पटत नसेल तर सहा ठेवा, पण चार नकोत.

क्रिप्टचंही तेच. किमान 12 पत्ते, त्यातले 4 सुरुवातीला येतात. सुरुवात करून देणारे, म्हणजे 6-7 क्षमतेचे सुपीरियर डॉमिनेटवाले, 12 मध्ये फक्त 4 ठेवले तर पहिल्या चारांत एकही न येण्याची शक्यता 495 मध्ये 70. म्हणजे साधारण सात खेळांत एक खेळ सुरू व्हायच्या आधीच लंगडा. असे 6 ठेवले तर 495 मध्ये 15, शेकडा तीनच. मोठा एखाददुसरा ठेवा, हौस म्हणून. जुन्या संचांतले पत्ते मिसळत असाल तर ग्रुपचे आकडे बघा, एकच किंवा लागून असलेले दोनच चालतात. घाईत डेक बांधला की इथे हमखास चूक होते.

एवढं केल्यावर माझा पूल वाचायला लागला, पण बाद होणं पूर्ण थांबलं नाही. सहाव्याऐवजी आठव्या फेरीत व्हायला लागलो. म्हणजे मागे आणखी एक बिघाड होता.

तो पकडायला वहीत पाचवा रकाना वाढवला: माझी पाळी संपली तेव्हा किती व्हॅम्पायर अनलॉक. सगळीकडे शून्य. तीन असले तर तिघांनी काहीतरी केलेलं, तिघेही आडवे पडलेले. हालचाल केलेला व्हॅम्पायर लॉक होतो आणि तुमची पुढची पाळी येईपर्यंत तसाच राहतो. उजव्याची पाळी बरोबर तुमच्या पाळीच्या आधी येते, म्हणजे तो येतो तेव्हा तुमचं सगळं घर झोपलेलं.

व्हेंट्रूला हे जास्त महागात पडतं. ऑस्पेक्स ही शक्ती नाही म्हणून अडवायला इंटरसेप्ट नाही, ऑबफ्यूस्केट ही शक्ती नाही म्हणून लपायला स्टेल्थ नाही. या कुळाचा बचाव म्हणजे 'डिफ्लेक्शन'. उजव्याने 5 चं ब्लीड आणलं, अडवता आलं नाही, की डिफ्लेक्शन टाकायचं आणि तेच ब्लीड डाव्याच्या अंगावर ढकलायचं. आपला बचाव आणि आपला हल्ला एकाच पत्त्यात, तोही दुसऱ्याच्या खर्चाने. पण ते टाकायला जागा व्हॅम्पायर लागतो. माझ्या हातात दोन-दोन डिफ्लेक्शन असताना मी बाद झालोय. पत्ते हातात आणि पहारेकरी घोरतोय.

इथे 'फ्रीक ड्राइव्ह'ची माझी समज साफ उलटी होती. फॉर्टिट्यूड या शक्तीचा पत्ता, हालचाल झाल्यावर व्हॅम्पायर पुन्हा अनलॉक होतो. मी तो 'आणखी एक हालचाल' म्हणून खेळायचो. पण एका पाळीत एका व्हॅम्पायरला एकच ब्लीड आणि एकच राजकीय ठराव मिळतो, म्हणून दुसरी हालचाल बहुधा फुटकळच निघायची. आता मी तो पहाऱ्यासाठी ठेवतो. ठराव मांडायचा, फ्रीक ड्राइव्ह टाकायचा, आणि तो व्हॅम्पायर तसाच उभा ठेवायचा. काहीच करायचं नाही. हात शिवशिवतात, पण नाही करायचं.

फ्रीक ड्राइव्ह हातात नसेल तर एक व्हॅम्पायर मुद्दाम हलवायचा नाही. सुपीरियर डॉमिनेटवाला असला तर उत्तम, कारण त्याने टाकलेल्या डिफ्लेक्शनने तो लॉक होत नाही. इन्फीरियरवाला एक टाकून आडवा होतो आणि उजव्याचं दुसरं ब्लीड मोकळं जातं. प्रिन्स पदाचा व्हॅम्पायर असेल तर 'सेकंड ट्रॅडिशन' दोन-तीन ठेवा, लॉक असलेला प्रिन्स उठतो आणि वर 2 इंटरसेप्ट मिळतो. साधे वेकचे, म्हणजे लॉक व्हॅम्पायरला जागं करणारे, पत्ते तर हवेतच. माझ्या डेकमध्ये आधी दोन होते, का कोण जाणे. आता सात आहेत.

पहारेकऱ्याच्या अंगात रक्त आहे का हेही बघा. डिफ्लेक्शनला 1 रक्त लागतं, फ्रीक ड्राइव्हला 1. मी 'ब्लड डॉल' आणि 'व्हिलेन' लावून व्हॅम्पायर पिळून पुलात भरायचो आणि खूश व्हायचो, मग ऐन वेळी त्याच्या अंगावर शून्य. रक्त संपलेल्या व्हॅम्पायरला पुढच्या पाळीत शिकारीलाच जावं लागतं, म्हणजे तो परत लॉक. आता पहारेकऱ्याच्या अंगावर किमान 2 ठेवून मगच वरचं काढतो.

हात तुंबण्याबद्दल थोडंच लिहितो, कारण कारण साधं आहे. हातात 7 पत्ते, एक खेळला की लगेच दुसरा येतो. म्हणजे पत्ते वाहते राहिले तर डेक चालतो. माझ्या 80 पत्त्यांत 22 मास्टर होते आणि पाळीला एकच मास्टर खेळता येतो. दोन तासांच्या खेळात दहा-बारा पाळ्या मिळतात. बाकीचे दहा मास्टर हातात बसून राहणार, हे गणित पाचवीतलं पोरही करील. आता 13 आहेत, त्यातले काही ट्रायफल, म्हणजे त्यांच्यासोबत दुसरा मास्टर चालतो. ठरावांचे पत्तेही 14 वरून 8 केले. आणि जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकला पावसाची झड लागली की पत्त्यांची प्लास्टिकची कव्हरं एकमेकांना चिकटतात, वरवर पिसलं तर चार ठराव एका गठ्ठ्यात येतात. ते नशीब नाही, दमटपणा आहे. टेबलावर सात ढिगाऱ्यांत वाटून मग पिसा.

ठरावांवरून आठवलं. 'काइन रिसोर्सेस कंटेस्टेड' या ठरावात 4 पुलाचं नुकसान किमान दोघांत वाटायचं असतं. मी 3 डाव्याला आणि 1 उजव्याला द्यायचो, राग म्हणून. एकदा उजवा 2 वर आला होता तेव्हा 2 त्यालाच दिले, गेला. टेबलावर टाळ्या मी वाजवल्या. पण त्याचा गुण आणि 6 पूल मिळाले त्याच्या उजव्याला, आणि तो ताजातवाना ट्रेमेअर माझ्या शेजारी येऊन बसला. चिडून उजव्याला मारणं म्हणजे भाडेकरू हाकलून दरोडेखोराला खोली देणं. आता नुकसानीचा चौथा वाटा मी डाव्याच्या पलीकडच्याला देतो. आज ना उद्या त्यालाही खायचंच आहे.

सौदे-तहाबद्दल मला फार सांगता येणार नाही, मी त्यात कच्चा आहे. एवढंच की 'दोन फेऱ्या मला ब्लीड करू नकोस' असं उजव्याला विनवण्यापेक्षा एक जागा पहारेकरी आणि हातात सात पत्ते दाखवत शांत बसणं जास्त चालतं. खरं डिफ्लेक्शन असो-नसो, उजवा विचारात पडतो.

या सगळ्यानंतरच्या पहिल्या रविवारी चौथ्या फेरीअखेर माझे तीन उभे होते आणि पूल 16. उजव्याचा मॅल्केव्हियन सहाव्या फेरीत 6 चं ब्लीड घेऊन आला. मी मान खाली घालून हातातले पत्ते लावत बसलो होतो. अडवलं नाही, डिफ्लेक्शन टाकलं, डावा 5 वर होता, गेला. इंदिरानगरवाला बराच वेळ माझ्याकडे नुसता बघत होता, कारण ब्लीड त्याचं आणि गुण माझा. त्या दिवशी मला दोन गुण मिळाले, पहिला नाही आलो. चहा अप्पांच्या मुलाने केला, साखर जास्त झाली होती.

एक बिघाड अजून निघालेला नाही. उजवीकडे ब्रुहा बसला की तो ब्लीड करतच नाही, 'बम्स रश' टाकून सरळ पहारेकऱ्यावर धावून येतो आणि त्याला टॉर्परमध्ये, म्हणजे बेशुद्धीत, झोपवतो. मग वरचं सगळं शहाणपण जमिनीवर. सध्या चार ठराव काढून चार 'मॅजेस्टी' घातल्यात, प्रेझेन्स या शक्तीचा पत्ता आहे, मारामारी तिथल्या तिथे थांबते. सुपीरियरवाला तर अनलॉकही होतो. दोन रविवार चालवून पाहिलं, एकदा वाचलो, एकदा मॅजेस्टी आलीच नाही. वहीत सहावा रकाना आखलाय: 'रश आला तेव्हा हातात काय होतं'. ब्रुहाविरुद्ध व्हेंट्रू चालवून ज्यांनी हे सोडवलंय त्यांनी किती मॅजेस्टी ठेवल्या आणि त्यासाठी नेमकं काय काढलं, तेवढं सांगा.